छपराखालचा दुसरा थर

सर्जेरावाला एक वाईट खोड होती. शपथ घ्यायची तर ती दुसऱ्याच्या गळ्याची. लहानपणी शेजारच्या परड्यातले आंबे चोरायचा, चीक लागून ओठावर फोड आलेले असायचे, आणि माझ्या गळ्याचं कातडं चिमटीत धरून म्हणायचा, "मावशीच्या गळ्याशपथ, मी न्हाई." खोटं बोलणार हा आणि मरणार मी. पुढं जहाजावर सुतार म्हणून गेला, तिथनं अमेरिकेत उतरला, लग्न केलं, दोन पोरी झाल्या, इंग्रजीत भांडायला शिकला. सर्जेरावाचा 'सर्ज' झाला. सगळं बदललं, ही खोड तेवढी सामानात जपून नेली.

त्या सकाळी माझ्या मुलाच्या, जयसिंगाच्या, स्वयंपाकघरात उभं राहून त्यानं तेच केलं. मी थालीपीठ थापत होते. माझी सून वृषाली दारात उभी राहून त्याला विचारत होती.

"सर्जेरावदादा, छपरावरच्या शिंगलखालचा कागद दुहेरी घातलाय ना?"

"घातलाय की."

"मला माडीच्या खिडकीतून एकेरी दिसला."

"वैनी, तुम्ही दवाखान्यात गोळ्या मोजून देता, तेवढ्या नीट द्या. छपराचं मी बघतो."

"गोळ्या मी मोजते म्हणूनच विचारते. एकदा दाखवता का मला?"

तो हसला. चहाचा कप ओट्यावर ठेवला, माझ्याकडं आला आणि दोन बोटांनी माझ्या गळ्याचं कातडं धरलं. माझे दोन्ही हात पिठात होते.

"मावशीच्या गळ्याशपथ. दोन थर हाईत. आता बोला."

जयसिंग टेबलापाशी पेपर वाचत होता. त्यानं मान वर करून बायकोकडं बघितलं. "झालं समाधान? आईची शपथ घेतलीय त्यानं. ह्याच्यावर आणि काय पाहिजे तुला?"

वृषाली गप्प बसली. बसणारच. आमच्याकडं गळ्याची शपथ घेतली की विषय संपतो. त्यानंतर जो विचारतो तो दोन पापं करतो, समोरच्याला खोटारडा म्हणतो आणि जिचा गळा धरलाय तिच्या मरणावर पैज लावतो. पुण्याची असली तरी बारा वर्षांच्या संसारात वृषालीला एवढं कळलं होतं. सर्जेराव चहा संपवून बाहेर गेला, आणि मागच्या अंगणातनं खिळे मारायच्या बंदुकीचा फट् फट् आवाज सुरू झाला.

मागच्या अंगणातली ती नवी खोली माझ्यासाठीच चढत होती. माझे गुडघे गेलेले, आणि जयसिंगाच्या घरात झोपायच्या खोल्या सगळ्या माडीवर. मी कायमची तिकडं राहायला आल्यावर वर्षभर बैठकीच्या खोलीत कोचावर निजले. पाहुणे आले की माझं अंथरूण गुंडाळायचं. शेवटी वृषालीच म्हणाली, मागं एक खोली काढू. काम कुणाला द्यायचं, हा प्रश्नच नव्हता. सर्जेराव छपराची आणि सुतारकीची कामं घेत होता, आणि तो तर घरचा. माझी बहीण त्याला जन्म देऊन गेली तेव्हा जयसिंग तीन महिन्यांचा होता. एका बाजूला हा, दुसऱ्या बाजूला तो, असे दोघं माझ्या अंगावर वाढले. घरच्या माणसाला काम देताना आपण कागद करत नाही, दर विचारत नाही, आणि काम चालू असताना मागं जाऊन उभं राहत नाही. तसं केलं तर त्याला वाईट वाटतं.

छपराची गोष्ट अशी होती. खोलीचं छप्पर माडीच्या खिडकीच्या खाली बसवायचं होतं, म्हणून त्याला उतार जेमतेम मिळाला. बारा फूट आत जावं तेव्हा तीन फूट चढणार. आमच्या गगनबावड्यात त्याला कुणी छप्पर म्हटलं नसतं, चटई वाळत घातलीय म्हणाले असते. तिकडची कौलं म्हणजे डांबराचे खवले. शिंगल म्हणतात. माशाच्या अंगावर असतात तसे एकावर एक बसवायचे आणि ठोकायचे. पण खरं पाणी अडवतो तो त्यांच्या खाली, फळ्यांवर अंथरलेला काळा डांबरी कागद. शिंगल हे नुसतं दाखवायचं तोंड.

त्या गावच्या बांधकामाच्या कचेरीचा नियम वृषालीनं मला काम सुरू झालं तेव्हाच सांगितला होता. उतार बाराला चारपेक्षा कमी असला तर कागद दुहेरीच पाहिजे. वळचणीला आधी अर्ध्या रुंदीची पट्टी, तिच्यावर अख्ख्या रुंदीची, आणि मग वरची प्रत्येक पट्टी खालचीला निम्म्याहून जास्त झाकत गेली पाहिजे. म्हणजे छपरावर कुठंही बोट ठेवलं तर बोटाखाली दोन कागद. कमी उतारावर पाणी पळत नाही, रेंगाळतं. थंडीत वळचणीला बर्फ साचलं की वितळलेलं पाणी मागं सरकतं आणि खवल्यांच्या खालनं वर चढतं. उलटं चढणारं पाणी मी जन्मात बघितलं नव्हतं, पण ऐकल्यावर पटलं. आमच्याकडंही गोठ्याच्या चपट्या पाख्याला गवत दुप्पट घालतात, ते काही म्हशीचे लाड म्हणून नाही.

आणि ह्या सगळ्यावर कडी म्हणजे, त्याच दुपारी कचेरीची बाई छप्पर तपासायला येणार होती. शिंगल बसवायच्या आधी कागद बघायचा, अशी तिथली रीत. सर्जेराव मात्र सकाळपासनंच शिंगल ठोकत सुटला होता. बाई येईपर्यंत थांबत का नाही, असं वृषालीनं आदल्या संध्याकाळी विचारलं तेव्हा म्हणाला, "आभाळ बघा की. पाऊस आला तर फळ्या फुगतील." आभाळ भरलं होतं, ते खोटं नव्हतं.

आणखी एक गोष्ट मला माहीत होती. त्याच्या परवान्यावर आधीच दोन ठपके होते. तिसरा पडला की परवाना जातो, हे त्यानंच आठवड्यापूर्वी आमच्याकडं जेवताना हसत हसत सांगितलं होतं. त्याची बायको हसली नव्हती. ती ताटातला भात चिवडत बसली होती.

थालीपीठ तव्यावर करपायला लागलं. मी तवा खाली उतरवला आणि हात धुतले.

"आई, कुठं निघालात?" वृषालीनं विचारलं.

"माडीवर."

"गुडघे?"

"गुडघे माझेच हाईत. शेजारणीचे मागून आणले न्हाईत."

जयसिंग म्हणाला, "आई, उगाच काही काढू नकोस. तो दुखावेल."

मी त्याच्याकडं बघितलं नाही. वर्षभरात मी तो जिना चढले नव्हते. एक पाय वर, मग दुसरा त्याच पायरीवर, कठड्याला धरून. वृषाली मागनं येत होती. हात लावला नाही, पण पडले असते तर तिच्याच अंगावर पडले असते अशा बेतानं येत होती. वर गेल्यावर तिनंच खिडकी उघडली आणि जाळी काढून बाजूला ठेवली.

खिडकीखाली लगेच छप्पर सुरू होत होतं. सर्जेराव आणि त्याचे दोन गडी वळचणीकडनं शिंगल लावत निम्म्याच्या वर आले होते. खिडकीकडचा भाग अजून उघडा होता, काळा कागद दिसत होता. मी काष्टा नीट खोचला आणि एक पाय बाहेर टाकला.

"मावशी," सर्जेराव ओरडला, "खुळी झालीस काय? आत हो."

"हात दे."

"अगं पडशील."

"मग हात दे म्हणते की."

तो पळत आला, हात दिला. दिला नसता तर मी तशीच उतरले असते, हे त्याला ठाऊक होतं. मी छपरावर उभी राहिले. बंदुकीचा आवाज थांबला. दोन्ही गडी माझ्याकडं बघत राहिले. नऊवारीतली म्हातारी त्यांच्या कामावर पहिल्यांदाच आली असणार.

"काय पाहिजे तुला?"

"माझा गळा तू कशावर टांगलायस ते बघायला आले."

"त्या वैनीनं भरलं तुझ्या कानात."

"वैनीनं शपथ घेतली न्हाई, तू घेतलीस. गळा माझा, तर बघायचा हक्क पण माझा."

मी खाली वाकले. वरच्या पट्टीची कड जिथं सुटी होती तिथं बोटं घातली आणि कागद उचलला. खाली फळी होती. कोरी, पिवळी फळी. दोन पट्ट्या एकमेकींवर चढल्या होत्या त्या चार बोटं, फक्त कडेला. निम्म्यावर नाही, चौथाईवर सुद्धा नाही.

"हा एक झाला," मी म्हणाले. "दुसरा कुठं हाय?"

"इथला व्हायचाय अजून. खाली दोन घातलेत, जिथं शिंगल लावलेत तिथं."

"मग खालचं एक खवलं काढ."

"मावशी, एक काढलं की शेजारची चार फाटत्यात."

"फाटू देत."

त्यानं माझा दंड धरला. जोरात नाही, पण मला खिडकीकडं वळवलं. "चल आत. कचेरीची बाई येईल आता. तमाशा नको."

मी खाली बसले. नुसती टेकले नाही, खळ्यावर बसावं तशी पसरून बसले, एक पाय लांब करून. छपराचा उतार खरोखर चटईसारखा होता, घसरायची भीती नव्हती. सर्जेरावानं गड्यांना त्यांच्या भाषेत काहीतरी सांगितलं. पलीकडच्या बाजूनं ठोकत चला, असंच असणार. त्यांच्यातल्या थोरल्यानं बंदूक उचलली, माझ्याकडं बघितलं, आणि परत खाली ठेवली. त्याचीही कुणी मावशी असेल.

सर्जेराव माझ्यासमोर उकिडवा बसला. खिडकीत वृषाली उभी होती, तिच्याकडं त्यानं पाठ केली आणि आवाज खाली आणला.

"एकच हाय," तो म्हणाला. "सगळीकडं एकच हाय."

गळ्यावर सकाळी त्याची बोटं लागली होती ती जागा मला जाणवत होती.

"कागदाचे रोल कमी पडले, मावशी. बाकी काय न्हाई. आणि इथं काय गगनबावड्यासारखा पाऊस पडतोय? एका थराला काय होत न्हाई. धा वर्षं काय होत न्हाई."

"मग ती बाई येऊन काय बघते?"

"तिला नियम असतोय. तिनं एक बघितला तर माझा तिसरा ठपका. परवाना गेला. पोरींची शाळा, घराचा हप्ता, सगळं." त्याचा चेहरा घामानं डबडबला होता. "मला घंटाभर दे. झाकून टाकतो. बाई वरनं बघंल आणि जाईल. मग पुढच्या आठवड्यात सगळं काढून परत घालतो, दुहेरी घालतो. तुझ्या..."

त्याचा हात माझ्या गळ्याकडं यायला लागला. मी तो हवेतच धरला.

"न्हाई," मी म्हणाले.

तेवढ्यात घरासमोर मोटार थांबल्याचा आवाज आला. दार लागलं. जयसिंग कुणाशी तरी बोलत बोलत घराला वळसा घालून मागं आला. त्याच्याबरोबर एक ठेंगणी बाई होती, माझ्याहून थोडी लहान, केस पांढरे, डोक्यावर टोपी, पायात गड्याचे बूट. तिनं शिडी नीट टेकलीय का ते हलवून बघितलं आणि सरसर वर आली. वळचणीशी उभी राहून तिनं आधी शिंगल बघितले, मग माझ्याकडं बघितलं. बराच वेळ बघितलं. काहीतरी विचारलं.

"विचारतेय, ह्या कोण," खिडकीतनं वृषाली हळूच म्हणाली.

सर्जेरावानं उत्तर दिलं.

"आणि हा काय म्हणाला?"

"म्हणाले, माझी आई."

आयत्या वेळी मावशीची आई झाले होते.

बाई वर आली. चालताना पायानं शिंगल दाबून बघत होती. तिला राग आलेला दिसत होता, कारण ती यायच्या आधी निम्म्याच्या वर छप्पर झाकलं होतं. वरचा उघडा कागद तिनं बघितला, पण तिथं मी बसले होते. माझ्या लुगड्यानं पट्टीची कड झाकली होती. मी मुद्दाम झाकली नव्हती आणि मुद्दाम हललेही नाही. आता जे व्हायचं ते सर्जेरावाच्या तोंडून व्हायला पाहिजे होतं.

बाईनं झाकलेल्या भागाकडं बोट दाखवून त्याला विचारलं. तो पायाखालचे शिंगल बघत राहिला. मग ती वळचणीकडं गेली आणि खाली उभ्या असलेल्या जयसिंगाला विचारलं. घराचा मालक तो.

"किती थर आहेत विचारतेय," वृषाली म्हणाली. तिचा आवाज बदलला होता.

माझा मुलगा. ऑफिसात पाचपन्नास माणसं त्याच्या हाताखाली. त्यानं वर सर्जेरावाकडं बघितलं, मग जमिनीकडं, आणि काहीतरी पुटपुटला.

"काय म्हणाला?"

"सर्जला विचारा म्हणाला."

बाई परत वळली. आता तिच्या हातातलं पेन उघडलं होतं. सर्जेराव उभा होता, मान खाली, आणि त्याच्या पायाशी ती चपटी पहार पडली होती, खिळे उपसायची. वारा सुटला होता. सुट्या कागदाची कड फडफडत होती आणि मी ती हातानं दाबून धरली होती.

"सर्जेराव," मी म्हणाले, "तिला सांग. दोन म्हणायचं असलं तर दोन म्हण. मी काही बोलणार न्हाई, मला तिची भाषा येत न्हाई. वृषाली पण बोलणार न्हाई." मी खिडकीकडं बघितलं. वृषालीनं ओठ घट्ट मिटले होते. मग तिनं होकाराची मान हलवली. "पण दोन म्हणायच्या आधी शपथ घे. माझ्या गळ्याची नको, माझा गळा म्हातारा झाला. तुझ्या दोन्ही पोरींच्या गळ्याची घे. हितंच, माझ्यासमोर. आणि मग तिला दोन म्हणून सांग."

त्यानं माझ्याकडं बघितलं. तसं मी त्याला कधी बघितलं नव्हतं. लहानपणी मार खातानासुद्धा नाही. त्याचा उजवा हात थोडा उचलला गेला, हवेत, जसा शपथेला उचलतात तसा, आणि तिथंच राहिला. पोरी तिथं नव्हत्या. नसल्या तरी तो हात पुढं जाईना.

बाईला काही कळत नव्हतं. पण ती थांबली. तिच्या कामात माणसं अशी अडखळताना तिनं पुष्कळ बघितली असणार.

सर्जेराव खाली वाकला, पहार उचलली. एक क्षण मला वाटलं, तो ती फेकणार. त्यानं पहारेचं टोक एका शिंगलखाली घातलं आणि दाब दिला. खिळा किरकिरत वर आला. मग दुसरा. शिंगल निघाला, शेजारचे दोन फाटले. त्यानं कमरेचा चाकू काढला, काळा कागद कापला आणि दोन्ही बाजूंना उलगडला, कोंबडी साफ करताना कातडं उलगडतात तसा. खाली फळी होती.

"वन," तो म्हणाला.

एवढं इंग्रजी मला येत होतं.

बाईनं तिथं गुडघे टेकले. बोट घालून बघितलं. मग पुढं जाऊन दुसऱ्या ठिकाणी खुणावलं, तिथंही त्यानं उघडून दाखवलं. तिसऱ्या ठिकाणी तिनं हात हलवून थांबवलं. उभी राहून लिहायला लागली. थेंब पडायला लागले होते, तिच्या कागदावर पडत होते, ती मनगटानं पुसत लिहीत होती. लिहून झाल्यावर ती सर्जेरावाशी बोलली, हळू, एकेक शब्द तोडून.

"सगळं काढा म्हणतेय," वृषाली म्हणाली. "सगळे शिंगल काढून दुहेरी घाला, आणि मी बघितल्याशिवाय एकही लावू नका."

"आणि परवाना?"

वृषालीनं विचारलं. बाईनं सर्जेरावाकडं बघितलं, मग माझ्याकडं, आणि उत्तर दिलं.

"काय?"

"म्हणतेय, मी उघडून बघितलं असतं तर आज परवाना गेला असता. त्यानं स्वतः उघडलं. म्हणून 'काम अपुरं' असं लिहिलंय. ठपका नाही."

सर्जेराव मटकन खाली बसला. बाई शिडीकडं गेली, दोन पायऱ्या उतरली, परत डोकं वर काढून काहीतरी म्हणाली आणि गेली. वृषालीला हसू आलं.

"आता काय म्हणाली?"

"म्हणाली, आधी ह्या बाईंना खाली उतरवा."

पाऊस आला तेव्हा सर्जेराव आणि त्याचे गडी शिंगल उपसत होते. जयसिंग ताडपत्री घेऊन शिडीवर चढला. आयुष्यात पहिल्यांदा शिडीवर चढला असेल. दोघं भाऊ ताडपत्रीची दोन टोकं धरून उभे होते, चिंब भिजलेले. मी आत येऊन खिडकीशी बसले होते. वृषालीनं माझ्या गुडघ्यांना तेल लावलं. मधेच ती थांबली आणि म्हणाली, "आई, तो दोन म्हणाला असता तर तुम्ही खरंच गप्प बसला असता?"

"तू बसली असतीस का?"

ती परत तेल लावायला लागली.

पुढच्या चार-पाच दिवसांत छप्पर झालं. नवे रोल आले. वळचणीला अर्धी पट्टी, तिच्यावर अख्खी, मग निम्म्याहून जास्त चढवत चढवत खिडकीपर्यंत. मी रोज खुर्ची टाकून बघत होते. सर्जेराव माझ्याकडं न बघता काम करत होता, पण प्रत्येक पट्टी ठोकायच्या आधी तिची कड उचलून जरा वेळ तशीच धरायचा, मला दिसावी म्हणून. बाई परत आली, तिनं बघितलं, सही केली. मग शिंगल लागले. आता दहा-बारा वर्षं झाली, मी त्याच खोलीत निजते. बर्फ पडतं, वितळतं, उलटं चढतं की नाही मला माहीत नाही. आत एक थेंब आलेला नाही.

खोली झाली त्या रविवारी मी सुकं मटण केलं, भाकरी केल्या, आणि सर्जेरावाला जेवायला बोलावलं. त्याची बायको-पोरी कुठंशी वाढदिवसाला गेल्या होत्या, तो एकटाच आला. आला तो पहिल्यासारखा हसत आला. पोरगा राग धरून राहणारा नाही, तो गुण त्याच्यात होता. जयसिंगाला पाठीत थाप मारली, वृषालीला म्हणाला, "वैनी, मटणात मीठ मोजून घातलंय न्हवं?" वृषालीही हसली. चार घास गेल्यावर त्याला चांगलाच जोर चढला.

"बघ मावशी, पास झालं का न्हाई? सरकारनं सोडलं."

"सोडलं," मी म्हणाले.

जयसिंग म्हणाला, "पुढच्या उन्हाळ्यात स्वयंपाकघर वाढवायचं म्हणतोय. सर्जा, ते पण तूच घे. आता तुला बाहेर शोधायला नको."

मी भाकरी मोडत होते. "सर्जेराव, ते रोल कमी पडले म्हणालास. गेले कुठं?"

"जाऊ दे की आता."

"सांग."

"एका डॉक्टरच्या घरावर. तिकडं पण असाच कमी उतार होता. दुहेरी घातला तिथं."

"तिथं घातलास?"

"घालावाच लागतोय, मावशी." तो हाड चोखत सहज बोलत होता, त्यात लपवाछपवी काही नव्हती. "परका माणूस. गळलं तर वकील आणतोय दारात. एकेक इंच मोजून घेतोय. तुमचं काय, तुम्ही घरचे. घरचा माणूस कुठं वर चढून बघतोय?"

वृषालीच्या हातातली पळी पातेल्यात तशीच राहिली. जयसिंग ताटाकडं बघायला लागला. त्या आठवड्यात पहिल्यांदा मला त्याच्या डोळ्यांत राग दिसला, पण बोलणार तो नव्हताच. सर्जेरावाला आपण काय बोललो ते कळलंच नाही. त्यानं भाकरीसाठी हात पुढं केला.

मी उठले, टोपलीतनं एक अख्खी भाकरी काढली आणि त्याच्या ताटात वाढली. वर रस्सा ओतला. मग त्याच्यासमोर खुर्ची ओढून बसले.

"सर्जेराव, नीट ऐक," मी म्हणाले. "तू माझं दूध पिऊन वाढलास. हितं तुझं ताट कधी उचललं जाणार न्हाई. बायकोला घेऊन ये, पोरींना घेऊन ये, भांडून आलास तर रातभर राहा. मी मेले की जयसिंगाच्या बरोबरीनं खांदा तूच द्यायचास. पण ह्या घराला इथनं पुढं खिळा मारंल तो परका माणूस मारंल. परक्याला आमची भीती असती. तू आमचा आहेस, म्हणून तुला काम न्हाई. जेव आता."